नावातलं जीवन

‘जीवनसत्त्व’ हा शब्द कवी म्हणून मला फार आवडतो. जीवनही आलं आणि सत्त्वही. पण याच शब्दाने एकदा आमच्या घराचा घात केला.

अब्बांना रक्तदाबाचा विकार होता. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली होती. ती ‘गरम पडते’, एकदा लागली की सुटत नाही, असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं. त्यांनी गोळी बंद केली आणि जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल सुरू केल्या. आम्हीही गप्प राहिलो. नावातच जीवन आहे, त्याने अपाय कसा होईल? सहा महिन्यांनी अब्बांची उजवी बाजू लुळी पडली.

त्यानंतर मी या शब्दाचा इतिहास शोधू लागलो. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबं दिली, ते झपाट्याने सुधारले. पुढे १९१२ साली कॅसिमीर फुंक यांनी अशा द्रव्यांना नाव दिलं, त्यात ‘व्हिटा’ म्हणजे जीवन. हे नाव सार्थच होतं. शरीरात जे कमी पडलं होतं, ते मिळताच माणूस मरणाच्या दारातून परत येत होता.

रक्तदाबाची गोष्ट वेगळी. तो बहुतेकदा एखाद्या जीवनसत्त्वाच्या उणिवेतून येत नाही. त्यावर औषध शोधण्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या उपयोगाविषयीचा अभ्यास ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. मुळी आपल्याकडे जुन्या काळापासून ठाऊक होती. पण रुग्णाला ती देऊन रक्तदाब मोजला, नोंदवला, तेव्हा जगाने ती मानली.

जीवनसत्त्वांनाही हीच कसोटी लावली गेली. २००२ साली ब्रिटनमध्ये वीस हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच वर्षं ‘ई’, ‘क’ जीवनसत्त्वं आणि बीटा-कॅरोटिन घेऊनही हृदयविकार वा पक्षाघात टळला नाही. २०१२ साली अमेरिकेत ‘क’ जीवनसत्त्वाच्या २९ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी जेमतेम ४ अंकांनी उतरलेला दिसला. तोही थोड्या आठवड्यांच्या चाचण्यांत. २०१५ साली ‘ड’ जीवनसत्त्वाची अशीच तपासणी झाली. रक्तदाबावर परिणाम आढळला नाही.

उलट १९९७ च्या ‘डॅश’ या अमेरिकी चाचणीत फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूध यांवर भर असलेल्या आहाराने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ अंकांनी खाली आला. म्हणजे बाटलीपेक्षा ताट भारी ठरलं. पण चालू औषध मनाने सोडावं, असा याचाही अर्थ नाही.

अब्बा त्यानंतर काही वर्षं जगले. रोज सकाळी डाव्या हाताने गोळी तोंडात टाकायचे आणि पाण्याचा पेला मी धरायचो. आपल्या घरातही कुणी वडीलधारं असेल, तर आज एवढंच विचारा, ‘रक्तदाबाची गोळी घेतली का?’