सोळा पायऱ्या आणि मिठाची टोपली

आज आम्ही तुम्हाला एका बेटावरून फिरवून आणणार आहोत. बेट आहे मॉरिशस, हिंदी महासागरातलं. रस्ता मोठा नाही. पोर्ट लुई या राजधानीच्या शहरातून निघायचं आणि पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे ल मॉर्नच्या डोंगरापर्यंत जायचं. गाडीने दीड-एक तास. पण या रस्त्यावर आपल्या कोकणाचाही इतिहास आहे, म्हणून जाऊ या.

पोर्ट लुई हे जुनं बंदर. इथे आधी डच आले, मग फ्रेंच. १७३५ पासून ला बूर्दोने या फ्रेंच गव्हर्नरने शहर आणि बंदर वाढवलं. दगडी इमारती उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या मेहनतीवर. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी बंद झाली. पण उसाचे मळे काही बंद झाले नाहीत. मग राबणार कोण? उत्तर शोधलं गेलं हिंदुस्थानात.

बंदरालगत ‘आप्रवासी घाट’ आहे. तिथे दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. बोटीतून उतरलेला मजूर त्या चढून आत जाई. २ नोव्हेंबर १८३४ ला पहिली ३६ माणसं ‘अ‍ॅटलास’ बोटीने आली आणि पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून ती निघत. मुंबईच्या बोटींत रत्नागिरीकडची आपली माणसं होती. सोबत बायका होत्या, कडेवर लेकरं होती. २००६ मध्ये या घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला.

घाटावर प्रत्येकाला नंबर मिळे. रजिस्टरात नाव, वय, गाव, उंची लिहिली जाई. पुढे फोटोही काढू लागले. करार काही वर्षांचा असे आणि नियम कडक. एक दिवस खाडा झाला, तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. अंगात ताप आहे की घरात बाळंतीण आहे, हे मुकादम कशाला विचारतो?

शहर मागे टाकलं की दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग आहेत. जमीन लागवडीला आणताना मजुरांनी हातांनी वेचलेले ते दगड. पुढे समुद्र दिसू लागतो आणि तामारिन गाव येतं. इथे काळ्या दगडांची चौकोनी मिठागरं आहेत. उन्हात पाणी आटायचं, मीठ धरायचं, आणि ते टोपलीत भरून डोक्यावरून वाहून न्यायचं. हे वाहण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केलं. मिठाच्या पाण्याने पायांना काय होतं, हे आपल्या पेण-उरणकडच्या मिठागरांत राबलेल्या बायकांना सांगायला नको.

रस्त्याच्या शेवटी ल मॉर्नचा उभा कडा आहे, ५५६ मीटर उंच, थेट समुद्राकाठी. मळ्यांतून पळालेले गुलाम इथे लपून राहत. लोक सांगतात, गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन शिपाई वर चढले, तेव्हा हे पकडायलाच आले असं समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या. या डोंगरालाही २००८ मध्ये जागतिक वारसा मानलं गेलं.

मॉरिशसमध्ये आजही मराठी घरं आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तिथल्या अनेक घरांत पहिल्यांदा आलेल्या पुरुषाचं नाव पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. त्याचं नाव रोज घेतलं जातं. त्याच्याबरोबर पायऱ्या चढलेल्या बाईचं नाव मात्र फार तर त्या रजिस्टरात उरलं. ती रजिस्टरं मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत. पणत्या-खापरपणत्या तिथे येतात आणि पणजीचा नंबर शोधतात. म्हणजे ज्या कागदाने तिला मजूर म्हणून बांधलं, त्याच कागदामुळे ती आज सापडते.

आणि आपल्याकडे? जिने शेत निंदलं, तिचं नाव सातबाऱ्यावर आहे का? पतीच्या हयातीत पत्नीचं नावही उताऱ्याला लावता यावं, म्हणून आपल्या राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. त्यासाठी पतीने तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो. किती घरांत तो दिला गेला?

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत दोन कामं करू या. प्रत्येकीने आईची, आजीची आणि सापडली तर पणजीची नावं, माहेरच्या गावासकट, वहीत लिहून आणायची. आणि घरचा सातबारा सोबत आणायचा. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचू. कुणाचं नाव कुठे नाही, ते लगेच दिसेल.