घरी जुळवलेल्या मोटारीचं म्हातारपण

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये कित्येक साध्या नोकरदारांनी या दोहोंच्या जोडीला मोटारही आणून बसवली. चॅसी, इंजिन, चाकं, दिवे असे सुटे भाग घरी आणायचे आणि शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये बसून त्यांची मोटार जुळवायची. तिकडे तिला 'किट कार' म्हणतात. ती कशी जुळवायची यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला सांगायचंय ते त्यापुढचं, मोटार रस्त्यावर आल्यानंतरच्या वीस-तीस-चाळीस वर्षांचं. नोकरीनिमित्त मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहत होतो, तेव्हा 1994 मध्ये अशी एक मोटार माझ्याकडे आली आणि 2022 पर्यंत राहिली. तिची देखभाल करता करता त्या देशाचे कर, कायदे आणि पेट्रोल यांचा इतिहास मला आपोआप शिकावा लागला.

या मोटारीचा जन्म हौसेतून झाला हे खरं, पण बाळंतपण केलं ते करखात्यानं. ब्रिटनमध्ये 1940 साली, युद्धाच्या धामधुमीत, चैनीच्या वस्तूंवर 'पर्चेस टॅक्स' बसला. युद्ध संपलं तरी तो गेला नाही. 1951 मध्ये मोटारीवरचा हा कर घाऊक किमतीच्या दोन-तृतीयांशांपर्यंत पोचला होता. नवी गाडी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली. मात्र हा कर तयार मोटारीवर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता! ही फट हेरणाऱ्यांत कॉलिन चॅपमन हा तरुण इंजिनिअर होता. जुन्या 'ऑस्टिन सेव्हन'वरून स्वतःची पहिली मोटार बनवून त्यानं सुरुवात केली होती. त्याच्या लोटस कंपनीची 'सेव्हन' 1957 मध्ये आली ती मुख्यतः सुट्या भागांच्या स्वरूपात. अट एवढीच की गिऱ्हाइकानं ती स्वतः जुळवायची, पैसे देऊन कारागिराकडून नाही. जोडणीच्या सूचनाही सोबत देता येत नसत. म्हणून कंपनी गाडी 'सुटी कशी करावी' याच्या सूचना द्यायची आणि गिऱ्हाईक त्या शेवटून वाचायचं, असा किस्सा तिकडे आजही रंगवून सांगतात.

1 एप्रिल 1973 ला पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ही फट बुजली. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या कंपनीला देऊन टाकले. खरं तर किट कारची गोष्ट इथंच संपायला हवी होती. ती संपली नाही, याचं कारण माझ्या मते मीठ. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. त्यानं गाड्यांचा पत्रा खालून सडतो. 1960 पासून जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली होती आणि पुढे ती तीन वर्षांच्या गाड्यांनाही लागू झाली. सडलेल्या पत्र्याची गाडी तपासणीत नापास व्हायची. देह गेलेला, पण आत्मा शाबूत; म्हणजे इंजिन, गियरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल ठणठणीत. अशी गाडी भंगाराच्या भावात आणायची, तिचे अवयव काढायचे आणि नव्या चॅसीवर फायबरच्या बॉडीखाली बसवायचे, हा सत्तर-ऐंशीच्या दशकातला किट कारचा मार्ग होता.

माझी मोटार याच जातीची. शेजारच्या एका निवृत्त टर्नरनं 1979 ते 1982 अशी तीन वर्षं खपून ती जुळवली होती. इंजिन आणि मागचा अ‍ॅक्सल फोर्ड एस्कॉर्टचा, पुढची चाकं ज्यावर बसतात तो सगळा भाग आणि स्टिअरिंग ट्रायम्फ हेरल्डचं, वायपरची मोटर आणखी कुणाची तरी. सुट्या भागांच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारणार, "गाडी कुठली?" याला एका शब्दात उत्तर नाही. "पुढून हेरल्ड, मागून एस्कॉर्ट," असं म्हटलं की तो पेन खाली ठेवायचा. कारखान्यातून आलेल्या गाडीला छापील मॅन्युअल असतं. हिचं मॅन्युअल म्हणजे जुळवणाऱ्याचं डोकं. ते डोकं थकलं, गाव सोडून मुलीकडे राहायला गेलं की गाडी मुकी होते. आमचे टर्नरसाहेब धोरणी. गाडीबरोबर त्यांनी एक रेघांची वही दिली. कुठला भाग कुठल्या सालच्या कुठल्या गाडीचा, कुठल्या बोल्टचे आटे इंची आणि कुठल्याचे मिलिमीटरचे, सगळं तिच्यात होतं. ब्रेकच्या सिलिंडरचं साल चुकलं तर भाग बसल्यासारखा वाटतो आणि ऐनवेळी दगा देतो. त्यामुळे गाडीइतकीच किंमत मी त्या वहीला द्यायचो.

वहीतल्या एका नोंदीखाली लाल शाईच्या तीन रेघा होत्या. ती ट्रनियनबद्दल. हेरल्डमध्ये पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर असतं, त्याचं खालचं टोक आट्यांनी एका पितळी तुकड्यात फिरतं. त्या तुकड्याला म्हणतात ट्रनियन. त्यात नव्वद नंबरचं गियर ऑइल घालायचं, ग्रीस नाही. ग्रीस घट्ट होऊन आट्यांत शिरत नाही, पाणी मात्र शिरतं. दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी वळणावर मोडतो. चाक आडवं होतं आणि गाडी जमिनीवर बसते. वाचताना मला पुणं आठवलं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं साठीच्या दशकात 'स्टँडर्ड हेरल्ड' भारतात बनवली; आमच्या काकांकडे होती. त्यांचा मिस्त्री दर महिन्याला ग्रीसगन घेऊन यायचा आणि गाडीखाली शिरून जिथं भोक दिसेल तिथं मनोभावे ग्रीस भरायचा. काकांच्या गाडीचं पुढचं चाक कॅम्पात भर रस्त्यात का मोडलं, याचा उलगडा मला तीस वर्षांनी, मिडलंड्समधल्या एका वहीतून झाला.

बाकीची दुखणी हळूहळू येणारी. फायबर गंजत नाही म्हणून नवा मालक खुशीत असतो. पण फायबरमधून वीज जात नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच अर्थिंगची तार असते. इथं प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार लागते आणि तिचा सांधा कुठं गंजला की उजवीकडचा इंडिकेटर दाबल्यावर मागचे सगळे दिवे मंद होतात. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लोखंडी नळीवर रिव्हेट केलेला असतो, तिथं ओल लागली की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. चॅसीच्या नळ्या आतून सडतात, त्याही वरचा रंग चकचकीत असताना. दर वसंतात मी गाडीखाली आडवा पडून लहान हातोडीनं एकेक नळी वाजवून बघायचो. बद्द आवाज आला की समजायचं.

आणि मग पेट्रोल. 1 जानेवारी 2000 पासून ब्रिटनमध्ये शिसंयुक्त पेट्रोलची सर्रास विक्री बंद झाली. निर्णय योग्यच होता, मुलांच्या रक्तातलं शिसं कमी व्हायलाच हवं होतं. पण एस्कॉर्टच्या जुन्या इंजिनात एक्झॉस्ट वॉल्व्ह ज्या बैठकीवर आदळतो, ती साध्या बिडाची. शिशाचा पातळ थर तिला गादीसारखा जपत असे. तो गेल्यावर बैठक झिजते, वॉल्व्ह आत आत बसत जातो आणि टॅपेटची फट कमी होते. टर्नरसाहेबांनी दर खेपेची फट वहीत लिहिली होती. 2000 नंतर मी आकडे लिहीत गेलो तसे ते उतरताना दिसू लागले. शेवटी हेड काढून कडक पोलादाच्या बैठका बसवून घेतल्या. ती वही नसती तर हे इंजिनाची ताकद गेल्यावरच कळलं असतं.

दरम्यान छंदाचंही रूप पालटत होतं. 1996 मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकाचं अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार बनवण्याचं पुस्तक आलं आणि लोक चौकोनी पोलादी नळ्या वेल्ड करून चॅसीसुद्धा घरी बनवू लागले. 1998 पासून घरगुती गाड्यांना रस्त्यावर येण्याआधी स्वतंत्र परीक्षा आली, 2009 मध्ये ती आणखी कडक झाली. पादचाऱ्याला लागेल अशा बाहेरच्या कडांची गोलाई किमान अडीच मिलिमीटर हवी, इथपर्यंत तपासणी. मग बोल्टांच्या डोक्यांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवून परीक्षा पास व्हायची. संध्याकाळी टोप्या डब्यात! तरी या व्यवस्थेचं मला कौतुक वाटतं. घरी बनवलेल्या वस्तूला सरकारनं बंदी घातली नाही, परीक्षेला बसवलं. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम कारखान्यानं ठरवलेल्या गाडीत बदल करायलाच मनाई करतं. तिथं अख्खी गाडी घरी बनवणं दूरच.

एक गंमत मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. 1994 मध्ये भंगारवाल्याकडे एस्कॉर्टच्या रांगा होत्या. एका अ‍ॅक्सलसाठी गेलो तर दुसरा घेऊन जा म्हणायचा, जागा अडते. पुढच्या वीस वर्षांत त्या रांगा संपल्या. जुन्या रॅलींच्या शौकिनांनी या एस्कॉर्ट शोधून शोधून नेल्या आणि त्यांच्या किमती अशा चढल्या की एका गृहस्थानं माझ्या दारात येऊन विचारलं, गाडी राहू द्या तुमच्याकडे, फक्त इंजिन आणि अ‍ॅक्सल विकता का? टाकाऊ म्हणून काढलेले अवयवच आता गाडीपेक्षा मोलाचे झाले होते. कुणी जपून ठेवली नाही ती सामान्य माणसाची गाडी तुकड्या-तुकड्यांनी या किट कारांच्या पोटात टिकली होती. मी त्या गृहस्थांना चहा दिला, अ‍ॅक्सल दिला नाही.

सप्टेंबर 2021 मध्ये तिथल्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं. इथेनॉल जुन्या रबराला खातं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या मी बदलल्या आणि तारीख लिहिली. पुढच्या वर्षी भारतात परतताना गाडी एका तरुण इलेक्ट्रिशियन बाईंनी घेतली. इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी त्यांनी मागितली ती वही. ट्रनियनच्या पानावर बोट ठेवून विचारलं, शेवटचं ऑइल कधी घातलंत? मी म्हटलं, गेल्या रविवारी.