नाव कुणाचं, चूक कुणाची?

जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाचा छोटा ब्राह्मी लेख आहे: पाण्याच्या दोन टाक्यांचं दान. दात्याचं नाव सुमारे २,००० वर्षं टिकलं. अक्षरं कोरणाऱ्याचं नाव त्यात नाही.

पाट्या ब्रशने रंगत होत्या, तोवर गावाला निदान पेंटर माहीत असे. अनेकदा पाटीच्या कोपऱ्यात त्याची सहीही असे. फ्लेक्स आला, काम मशीनवर गेलं आणि मध्ये दलालाला जागा झाली. जुन्नरमधल्या नारायणगावात किंवा आंबेगावातल्या मंचरला ऑर्डर घ्यायची, पुण्यातून छापून आणायची. मशीनचं कर्ज नाही, कामगारांचा पगार नाही. गिऱ्हाइकालाही लग्नपत्रिका, जत्रेचा फलक, दुकानाची पाटी एकाच माणसाकडे मिळते.

पण समजा, १,८०० रुपयांत छापलेलं काम २,००० ला दिलं आणि आडनावातली वेलांटी चुकली. फेरछपाईचे १,८०० त्याच्याच खिशातून जातात. नऊ कामांची कमाई एका वेलांटीत! उधारी वेगळीच. छापखाना म्हणतो, तुम्ही पाठवलं तेच छापलं. गिऱ्हाईक छापखान्याला ओळखतच नाही.

म्हणून या धंद्यात उतरणाऱ्याने मशीनच्या आधी दोन सवयी कमवाव्यात: छपाईपूर्वी प्रूफवर गिऱ्हाइकाचा होकार लेखी घेणं आणि निम्मे पैसे आगाऊ मागणं.