लिहिलेलंच तर वाजवतात!

मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम साधारणपणे वर्षातून दोनदा असतो, एक फेब्रुवारीच्या आसपास आणि एक सप्टेंबरात. नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या जमशेद भाभा नाट्यगृहात तेव्हा देशोदेशींचे कंडक्टर आणि एकलवादक पाहुणे म्हणून येतात. मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन उभं राहिलं, की ख्यालगायकीत मुरलेला कुणीतरी स्नेही हमखास म्हणतो, "छान आहे हो, पण शेवटी लिहिलेलंच तर वाजवतात!" हे मत त्या एकाचं नाही. आपल्या जाणत्या रसिकांत ते इतकं रुजलं आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. माझेही कान ख्यालावरच तयार झाले. म्हणूनच मला ते खोडून काढावंसं वाटतं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. आपला गवई समोर बसून राग उभा करतो. त्या रात्रीचा मारवा पुन्हा तसा होत नाही, उद्या त्यालाही तो तसा जमणार नाही. कॉन्सर्टोत, म्हणजे एकलवादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेत, मात्र प्रत्येक सूर, त्याची लांबी, त्यावरचा जोर, सगळं रचनाकारानं आधीच कागदावर बांधलेलं असतं. पाहुणा बर्लिनचा असो की टोकियोचा, सूर तेच. म्हणजे निर्मिती रचनाकाराची, वादकाच्या वाट्याला उरते ती सफाई.

यातलं जे खरं आहे ते मी विनातक्रार मान्य करतो. बढत, बोलआलाप, तानांची उपज हे कॉन्सर्टोत नाही. बेथोवेनच्या व्हायोलिन कॉन्सर्टोत आपल्या मनानं सूर बदलला तर ती चूकच. पण ‘सूर ठरलेले’ इथून ‘वादक परतंत्र’ इथवर जी उडी मारली जाते, ती मला मान्य नाही.

ही उडी चुकते कुठे, हे दाखवायला व्हिएन्नाला जायचीही गरज नाही. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं. गणपतराव बेलवलकर श्रीराम लागूंनी केले, दत्ता भटांनीही केले. शब्द शिरवाडकरांचेच, स्वगतंही तीच. दोन्ही प्रयोग पाहिलेली माणसं आजही त्यावर तावातावानं बोलतात. लागू कुठे थांबत, भटांचा आवाज कुठे भरून येई, कुणाचा म्हातारा आतून अधिक मोडलेला होता. ‘लिहिलेलंच तर बोलतात’ असं त्यांच्यापैकी एकही म्हणत नाही. शब्द पाठ असणं ही नटाच्या कामाची सुरुवात असते, हे आपल्याला नाटकात पक्कं ठाऊक आहे. मग संगीताच्या दारात पाऊल टाकताच आपण ते का विसरतो?

आता इतिहासाकडे वळू. हे मत इतिहासालाही धरून नाही. मोत्सार्टच्या काळी कॉन्सर्टोच्या पहिल्या भागाच्या शेवटाकडे ऑर्केस्ट्रा एका अधांतरी स्वरसंघावर येऊन थांबे आणि पुढची जागा एकलवादकासाठी मोकळी असे. ती जागा म्हणजे कडेन्झा. मोत्सार्ट स्वतः वाजवायला बसला की ती तिथल्या तिथे भरायचा. ५ एप्रिल १८०३ रोजी व्हिएन्नात बेथोवेननं आपला तिसरा पियानो कॉन्सर्टो पहिल्यांदा वाजवला, तेव्हा पानं उलटायला शेजारी इग्नाट्झ फॉन सायफ्रीड बसला होता. त्यानं पुढे लिहून ठेवलं आहे की पानं जवळपास कोरी होती. मधूनच एखादी अगम्य खूण, ती फक्त बेथोवेनलाच कळणारी. सगळं त्याच्या डोक्यात होतं, लिहायला वेळच झाला नव्हता.

हे चित्र बदललं, हेही सांगायला हवं. १८०९ साली पाचव्या कॉन्सर्टोत बेथोवेननं स्पष्ट सूचना घातली की इथे कडेन्झा करू नये, लगेच पुढे जावं. तोवर त्याचे कान पार खालावले होते. ही रचना लोकांपुढे तो स्वतः वाजवणार नव्हता, दुसऱ्याचे हात वाजवणार होते. पण याच बेथोवेनच्या त्याआधीच्या व्हायोलिन कॉन्सर्टोत ती जागा व्हायोलिनसाठी मोकळीच राहिली. व्हायोलिनवादक योआखिमनं ती एका रीतीनं भरली, क्राइस्लरनं दुसऱ्या, आणि विसाव्या शतकात रचनाकार श्निट्केनं तर अशी भरली की अनेक श्रोते दचकले. यातली कुठली घ्यायची की स्वतःची रचायची, हे आजही पाहुणा वादकच ठरवतो. ही निवड ऐकताना मला घराण्यांची आठवण येते.

कडेन्झा सोडली तरी लय उरतेच. ६ एप्रिल १९६२ रोजी कार्नेगी हॉलमध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ग्लेन गूल्ड ब्राम्सचा डी मायनर पियानो कॉन्सर्टो वाजवणार होते. वाजवणं सुरू होण्याआधी कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन श्रोत्यांकडे वळले आणि त्यांनी सांगून टाकलं की गूल्ड यांची ही अतिसंथ लय आणि ब्राम्सच्या सूचनांपासूनची फारकत आपल्याला पटलेली नाही, तरी एका विचारी कलावंताची ती मांडणी ऐकण्यासारखी आहे, म्हणून आपण साथ करणार. त्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. कागद एकच, तो वाचणारे दोघेही थोर, आणि मतभेद एवढा की तो श्रोत्यांसमोर जाहीर करावा लागला. सूर लिहिल्यानं सगळं ठरत असतं, तर भांडायला काय उरलं असतं?

आपल्या घरातलीही एक गोष्ट सांगतो. हिंदी चित्रपटातल्या ज्या गाण्यांवर आपण जीव टाकला, त्यांतल्या कितीतरी गाण्यांचे व्हायोलिनचे तुकडे गोव्याच्या अरेंजरांनी पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून वाजवून घेतले. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस होते. ते लिहिलेलं संगीत ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा आपण कागद तपासला नव्हता. आणि उपजेचा बादशहा म्हणावा अशा झाकीर हुसेन यांनी याच मुंबईच्या ऑर्केस्ट्रासाठी तबल्याचा कॉन्सर्टो रचला, ‘पेशकार’ नावाचा. २०१५ साली तो इथेच पहिल्यांदा वाजला. कागद हा संगीताचा शत्रू असता, तर त्या माणसानं त्याला हात लावला नसता.

पाहुण्या वादकाबद्दल तर पूर्वपक्ष सर्वांत जास्त चुकतो. हा माणूस गावोगाव फिरतो आणि प्रत्येक गावी नवा ऑर्केस्ट्रा भेटतो. तालमी दोन, फार तर तीन. आपला गवई परगावी जातो तेव्हा त्याला एक तबलजी आणि एक पेटीवाला जोखायचा असतो. इथे साठ-सत्तर माणसं असतात. एका वाक्याच्या शेवटी वादकानं किंचित रेंगाळायचं ठरवलं, तर त्या सगळ्यांना त्याच क्षणी ते कळावं लागतं. ते आधी ठरवता येत नाही, कारण त्या संध्याकाळी तो किती रेंगाळेल हे त्यालाही आधी ठाऊक नसतं.

बेथोवेनच्या त्या व्हायोलिन कॉन्सर्टोतली एक जागा मी नेहमी डोळे उघडे ठेवून ऐकतो. सुरुवात टिंपनीच्या पाच हलक्या ठोक्यांनी होते, मग तीनेक मिनिटं एकलवादक नुसता उभा असतो. पुढे कडेन्झा येते तेव्हा सगळा ऑर्केस्ट्रा गप्प. व्हायोलिनं मांडीवर, कंडक्टरचा हात खाली. शेवटी एकट्या व्हायोलिनवर कंप सुरू होतो, दोन शेजारच्या सुरांत भराभर येजा करणारा. तो किती लांबेल हे कागदावर नाही. व्हायोलिनं मांडीवरून उठतात, बोटं तारांवर येतात, गज बाजूला, कारण पुढचे सूर तारा छेडून काढायचे आहेत. कंडक्टर वादकाच्या खांद्याकडे पाहत असतो. कंप मंदावतो, व्हायोलिन खालच्या तारांवर उतरून आधी ऐकलेली एक साधी ओळ पुन्हा गाऊ लागतं, आणि नेमक्या त्या पहिल्या सुराखाली पन्नास बोटं एकदम तार सोडतात, इतक्या हळू की सभागृहात कुणी श्वास घेतला तर तो ऐकू यावा.