कौटिलीयांतील वेतनविवाद व मृत सेवकांचें कुटुंबपोषण

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी तंजावर प्रांतांतील एका पंडिताकडून म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास मिळाली व शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं ती छापून प्रसिद्ध केली. कामावर मेलेल्याच्या कुटुंबास भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे प्राचीन काळापासून होता, असें विधान या ग्रंथाच्या आधारें केलेलें आमच्या कानांवर अनेकदां आलें आहे. आधारवचन खरें आहे. परंतु तें ग्रंथांत कोणत्या स्थळीं आलें आहे हें पाहिल्यावांचून त्याचा अर्थ लावणें धाडसाचें होय.

वादाच्या सुनावणीचे नियम तिसऱ्या, म्हणजे धर्मस्थीय अधिकरणांत आहेत. तिघा धर्मस्थांनीं बसून वर्ष, ऋतु, मास, पक्ष व दिवस लिहावा; वादी-प्रतिवादींचें नांव, गोत्र व व्यवसाय नोंदावा; उत्तरास तीन किंवा सात रात्रींची मुदत द्यावी. याच अधिकरणांत वेतनाचा वाद येतो. वेतन न देणाऱ्यास दशांश किंवा सहा पण दंड. देणेंच नाकारणाऱ्यास बारा पण किंवा पंचमांश. साक्षीदार नसतील तर जेथें काम झालें तेथें चौकशी करावी, हा नियम तर आजच्या न्यायाधीशानेंही उचलावा असा आहे! मात्र वेतन घेऊन काम न करणाऱ्या भृतकासही बारा पण दंड आहे, शिवाय काम होईपर्यंत अटकाव. आजारी वा अशक्त भृतकास करारांतून सूट मिळे. ही सवलत झाली, भरपाई नव्हे.

आतां कुटुंबपोषणाचें वचन पहा. कामावर मृत झालेल्यांच्या बायकामुलांस भक्तवेतन मिळावें, हें पांचव्या अधिकरणांत, भृत्यभरणीय प्रकरणांत सांगितलें आहे. तेथें विषय राजसेवकांच्या वेतनाचा, अठ्ठेचाळीस हजार पणांपासून साठ पणांपर्यंतचा. कोश अल्प असेल तर राजानें कुप्य, पशु व शेतें द्यावीं, असेंही तेथेंच आहे. म्हणजे हा खजिन्याच्या व्यवस्थेचा नियम आहे. खाजगी धन्याकडे राबणाऱ्या भृतकाच्या विधवेनें धर्मस्थांपुढें उभें राहून मागावें असें तें देणें नव्हे. दोन अधिकरणांची सरमिसळ केल्यानेंच वरील भ्रम उत्पन्न झाला, असें आमचें मत आहे.

तसा हक्क आपल्याकडे १९२३ च्या कायद्यानें आला. तो १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. कमिशनरनें शपथेवर पुरावा घ्यावा व निकाल द्यावा, आणि दिवाणी कोर्टानें त्यांत पडूं नये, अशी त्याची रचना होती.

मधल्या काळाचा दुवा मराठी दप्तरांत आहे. लढाईंत पडलेल्या शिपायाच्या मुलांस मिळणाऱ्या नेमणुकीस बालपरवेशी म्हणत. ज्यांच्या संग्रहांत असे कागद असतील त्यांनीं केवळ रक्कम उतरून न घेतां, तो कागद कुटुंबाचा अर्ज आहे कीं सरकारची आज्ञा, आणि अर्ज असल्यास त्यावर चौकशी झाल्याचा शेरा आहे कीं नाहीं, एवढें आम्हांस अवश्य कळवावें.