साठ सेकंदांची सीमा

सार्वजनिक विदासेवांच्या इतिहासात प्रमाणकांची आणि संस्थांची नोंद होते, वेळमर्यादेची सहसा होत नाही. वास्तविक, कोणता प्रश्न विचारता येईल हे पुष्कळदा तीच ठरवते.

२००६ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी ‘लिंक्ड डेटा’ची चार सूत्रे मांडली. २००७ मध्ये विकिपीडियातील माहितीवर आधारलेला डीबीपीडिया अवतरला आणि जानेवारी २००८ मध्ये स्पार्कल या प्रश्नभाषेला डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली. तोवर सर्व्हर बहुधा तयार पाने पाठवीत असे. आता कोणीही अनोळखी माणूस त्याला हवे ते गणित करायला लावू शकत होता. या सोयीची किंमत आधीच दिसली होती. २००६ मध्येच पेरेझ, अरेनास आणि गुतिएरेझ या चिलीतील संशोधकांनी दाखवून दिले होते, की स्पार्कलचे मूल्यमापन सर्वसाधारण रूपात अतिशय अवघड वर्गात मोडते. चार ओळींचा प्रश्नही सर्व्हरला गुंतवून ठेवू शकतो.

२०१३ मध्ये ४२७ सार्वजनिक सेवांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश सेवा भरवशाने उपलब्ध होत्या. सर्वांसाठी दार उघडे ठेवायचे, तर प्रत्येकाचा वेळ मोजणे भागच होते.

मात्र वेळ संपल्यावर काय करायचे, यावर दोन मार्ग निघाले. डीबीपीडियामागील व्हर्च्युओसो प्रणालीत तोवर सापडलेले अपुरे उत्तर देण्याची सोय आहे. ते अपुरे असल्याची खूण उत्तराच्या तांत्रिक शीर्षभागात असते. ती न पाहणाऱ्याला अर्धी मोजणी पूर्ण वाटते. सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटाच्या प्रश्नसेवेने दुसरा मार्ग धरला: साठ सेकंद झाले की प्रश्न थांबतो आणि त्रुटीचा स्पष्ट संदेश येतो. हा नकार त्रासदायक खरा, पण प्रामाणिक.

पुढे विदा फुगत गेली आणि तिच्यामागील ब्लेझग्राफ प्रणालीचा विकास थंडावला. अखेर मे २०२५ मध्ये सेवेचे दोन भाग झाले. शोधनिबंधांच्या नोंदी वेगळ्या काढण्यात आल्या. एखाद्या भारतीय संस्थेतील शास्त्रज्ञ आणि त्यांचे निबंध एकत्र मोजू पाहणाऱ्याला आता एकाच प्रश्नात दोन्ही भाग जोडावे लागतात, आणि घड्याळ तेव्हाही चालूच असते.

म्हणूनच अशा सेवेवरून काढलेला आकडा विज्ञानवार्तेत किंवा धोरणाच्या टिपणात वापरताना प्रश्न, तारीख आणि उत्तर पूर्ण आले की नाही, या तिन्हींची नोंद आवश्यक ठरते. मोठ्या मोजणीसाठी संपूर्ण विदासंच उतरवून घेण्याचा मार्ग खुला आहे. ‘उत्तर मिळाले नाही’ आणि ‘उत्तर शून्य आहे’ यांतील अंतर जपणे ही विज्ञानाची जुनी शिस्त आहे. साठ सेकंदांच्या सीमेवर ती रोज कसाला लागते.