स्नायपर म्हणजे फक्त नेमबाज नव्हे

‘स्नायपर’ हा शब्द भारतातला. स्नाइप म्हणजे पाणलावा; शहापूर-मुरबाडकडच्या भातखाचरांसारख्या ओलसर जागी राहणारा, नागमोडी उडणारा पक्षी. अठराव्या शतकात इथले ब्रिटिश अधिकारी त्याची शिकार करत, त्यावरून हा शब्द आला.

१९०० मध्ये बोअर युद्धासाठी ‘लोव्हॅट स्काउट्स’ ही तुकडी उभी राहिली. तिच्यात स्कॉटलंडच्या डोंगरांतले शिकारी-रखवालदार होते. दबा धरणं, दुर्बिणीने टेहळणी करणं हा त्यांचा रोजचाच धंदा! गवतापाल्याचा ‘घिली सूट’ही त्यांचाच.

भारतीय पायदळाच्या बटालियनमध्ये टेहळणी आणि छाप्यांसाठी ‘घातक’ प्लाटून असते. तिच्या जवानांचं प्रशिक्षण बेळगावात होतं. स्नायपर सहसा जोडीने जातात. एक नेम धरतो, दुसरा अंतर आणि वारा पाहतो. गोळी झाडली की लपण्याची जागा उघड होऊ शकते, म्हणून पुष्कळदा शत्रूची ठाणी हेरून गोळी न झाडताच परतावं लागतं.